सालेकसा व्हॅली रिझर्व्ह

१२ जानेवारी २००९, नाशिक
आजपासून डायरी. कारण आज माझ्यातली एक मोठी गोष्ट उघडकीला आली. मला नाक आहे.

आमची एकुलती एक मुलगी भूमेश्वरी, म्हणजे भूमी, इथल्या एका वाइनरीच्या लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजिस्ट आहे. आज मला आणि माझ्या बायकोला, दुर्गेश्वरीला, वाइनरी दाखवायला घेऊन गेली. टेस्टिंग द्यायला राजदीप नावाचा तरुण वाइनमेकर होता. ऑस्ट्रेलियात शिकून आलेला, तरी अतिशय नम्र. मला दर वाक्याला 'सर' म्हणत होता. भूमीकडे तर त्याने एकदाही पाहिलं नाही. याला म्हणतात प्रोफेशनल.

पाच ग्लास मांडले होते. चार लाल-पिवळे, पाचवा अगदी पारदर्शक. मी पाचवा उचलला, हलवला, नाकाशी धरला, एक घोट घेतला आणि म्हणालो, "स्वच्छ. संयमी. कुठेही आक्रस्ताळेपणा नाही." राजदीपने आधी ग्लासकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग म्हणाला, "सर, इतकं बारकाईने याच्याबद्दल कोणीच बोललेलं नाही."

बाहेर आल्यावर दुर्गेश्वरी म्हणाली, ते तोंड खळखळायचं पाणी होतं. तिला यातलं कळत नाही. सायन्स टीचर आहे.

१९ जानेवारी, गोंदिया
गाडीत सोळा तास विचार केला. नाशिकला द्राक्षं आहेत म्हणून नाशिकचं नाव. आपल्या जिल्ह्यात मोहा आहे, जांभूळ आहे, सीताफळ आहे, शिंदी आहे. जंगल आहे, तलाव आहेत. मग आपल्या भागाच्या वाइनचं नाव कोणी का घेत नाही? कारण कोणी शोधलीच नाही.

बँकेतून व्हीआरएस घेऊन सात वर्षं झाली. सात वर्षं लोक विचारतात, तुरकर साहेब, सध्या काय चाललंय? आता उत्तर आहे. मी गोंदिया जिल्ह्याचा वाइन नकाशा तयार करणार.

तीन विभाग आखले. सालेकसा व्हॅली, बोदलकसा लेकसाइड आणि कोहमारा हायवे.

दुर्गेश्वरीला सांगितलं. तिने उत्तरपत्रिका तपासता तपासता विचारलं, सालेकशाला व्हॅली कधीपासून आली? वर म्हणाली, घरात दारू गाळली तर माझी नोकरी जाईल. तिला फरक समजावला. दारू गाळतात. वाइन शोधतात.

२७ जानेवारी
नाकाचा व्यायाम सुरू. दुपारी स्वयंपाकघरात डोळे मिटून बसलो. समोर लवंग, हिंग, जिरे. एकेकावर दहा मिनिटं ध्यान.

लवंगेवर असताना दारावर धक्के. शेजारचे यादोराव मेश्राम ओरडत होते. उघडलं तर ते सरळ आत घुसले आणि गॅस बंद केला. दुधाचं पातेलं कोळसा झालं होतं. घरभर धूर. तेवढ्यात दुर्गेश्वरी शाळेतून आली. "घरात बसून का करून राहिले होते तुम्ही? चौकापर्यंत वास येऊन राहिला!"

मला आला नाही. ही एकाग्रता पहिल्याच दिवशी येईल असं वाटलं नव्हतं.

१५ फेब्रुवारी
बोदलकसा दौरा. यादोराव सोबत, स्कूटर त्यांची. ते रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेत आणि दारूला शिवत नाहीत. त्यामुळे माझ्या दृष्टीने आदर्श साथीदार. नमुने कमी होत नाहीत.

तलावाजवळ एका मासे धरणाऱ्याकडे शिंदी, म्हणजे शिंदीच्या झाडाची ताडी, मिळाली. तीन दिवसांची. तोच म्हणाला, आता ही पिण्यासारखी नाही राहिली, फेकणारच होतो. म्हणजे त्याला एजिंग, मुरवणं, माहीत नाही. बाटली भरून घेतली.

निरीक्षण: आंबटपणा धीट. दात शिवशिवतात. दहापैकी साडेसात.

परत येताना यादोरावांनी विचारलं, "साहेब, तुम्ही हे काऊन करून राहिले?" मी म्हणालो, आपल्या मातीसाठी. त्यांनी "कोणासाठी?" असं पुन्हा विचारलं. स्कूटरवर वाराही फार होता.

२२ मार्च
ऐतिहासिक दिवस. सगळं नीट लिहून ठेवतो.

सकाळच्या पॅसेंजरने यादोरावांबरोबर सालेकसा. तिथून पायी दोन-अडीच किलोमीटर. मोह टपकायला लागलाय. झाडांखाली पिवळा सडा, बाया टोपल्या घेऊन वेचत होत्या. तिथे तुलसाबाई भेटल्या. सत्तरीच्या, ताठ, घरची शेती, दारात बैलजोडी. मी हळू आवाजात विचारलं, "जुनं काही आहे का? खास?"

बाईंनी मला आणि यादोरावांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग विचारलं, "बैल कितीक आहेत तुमच्या घरी?"

इथे माणसाची ऐपत अशीच विचारतात. मी खरं सांगितलं, एकही नाही.

"मंग कोणासाठी पाहिजे जी?"

"माझ्यासाठी. आणि नाशिकच्या पाहुण्यांसाठी."

बाई पदर तोंडाला लावून हसल्या. खेड्यातला संकोच. गोठ्याच्या कोपऱ्यातल्या मडक्यातून त्यांनी एक बाटली भरून दिली. मोहाच्या फुलांचं, दोन वर्षं मुरलेलं. आणखी काय काय घातलंय ते त्या सांगत होत्या, पण मी थांबवलं. टेस्टर आधी पाककृती ऐकत नाही. यादोराव नाकाला रुमाल लावून दूर उभे होते. तत्त्वनिष्ठ माणूस.

निरीक्षण (स्टेशनच्या वाटेवर, झाडाखाली): पहिला झटका जिभेवर, मग घशात उष्णता, मग पोटात खोलवर हालचाल. परिणाम दोन तास टिकतो. असा फिनिश नाशिकला एकाही ग्लासात नव्हता. दहापैकी साडेनऊ. नाव जागेवरच सुचलं: सालेकसा व्हॅली रिझर्व्ह.

परतीच्या गाडीत यादोराव उठून दारात जाऊन उभे राहिले ते गोंदियापर्यंत.

५ एप्रिल
राजदीपला पत्र लिहिलं. ईमेल नाही. अशा गोष्टी कागदावर शोभतात. चार मसुदे फाडले. शेवटचा भाग उतरवून ठेवतो, पुढे कामाला येईल:

'आपण मोठ्या ठिकाणचे आहात, आम्ही कोपऱ्यातले. पण मी जात बघत नाही, गुण बघतो. अमुक जात उच्च आणि तमुक जात हलकी, हे लोकांनी ठरवलेलं आहे. मी ते मानत नाही. आमच्या मातीतली सर्वांत सुंदर गोष्ट आपल्या हाती सोपवावी अशी माझी फार इच्छा आहे. आपण इकडे या आणि स्वीकार करा.'

द्राक्षाची जात उच्च आणि मोहाची हलकी, हा मुद्दा याहून चांगला मांडता आला नसता. पाकीट दुर्गेश्वरीकडे दिलं, शाळेच्या वाटेवर पोस्ट आहे. तिने विचारलं, वाचू का? म्हटलं, वाच. दारातच उभी राहून वाचलं. मग माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "तुम्ही हे मनापासून लिहिलं?"

म्हटलं, चार मसुद्यांनंतर.

संध्याकाळी न मागता भरल्या वांग्यांची भाजी.

२१ एप्रिल
राजदीपचं उत्तर. मराठीत! अक्षरही सुरेख.

'सर, आपलं पत्र तीन वेळा वाचलं. आईलाही वाचून दाखवलं. ती रडली. आपण असा विचार कराल असं आम्हाला वाटलं नव्हतं. पाऊस संपला की नक्की येतो.'

वाइन क्षेत्रातले लोक भावनाप्रधान असतात. त्यात संपूर्ण घर रस घेतं हे विशेष.

२२ एप्रिल
भूमीचा फोन. काही बोलेना, नुसती रडते. मग "बाबूजी, थँक यू." म्हटलं, वेडे, यात थँक यू कसलं, हे तर माझं कामच आहे. अजून रडली. पोरीला वडिलांच्या कामाचा एवढा अभिमान असेल याची कल्पना नव्हती.

२६ एप्रिल
बातमी पसरली. यादोरावांनी घरी येऊन दोन्ही हातांनी माझा हात धरला. "तुरकर साहेब, मले दुर्गेश्वरी मॅडमनं सांगितलं. वीस वर्सं झाले शेजारी राहून राहिलो, पर मी तुमाले ओळखलं नव्हतं जी."

मी म्हणालो, माणसाने एकदा ठरवलं की लोक काय म्हणतील ते बघायचं नाही. त्यांचे डोळे भरून आले. न पिणाऱ्या माणसाला वाइनबद्दल एवढं वाटणं, हेच माझ्या कामाचं यश.

१४ जून
दुर्गेश्वरीने शाळेच्या आवारातल्या झाडाची टोपलीभर जांभळं आणली. माझ्या शुगरसाठी सिरका, म्हणजे व्हिनेगर, करणार म्हणे. भूमीने नाशिकहून यीस्टचं पाकीट कुरिअरने पाठवलं. दोघी फोनवर तापमान, साखर, दिवस असं काय काय बोलत असतात. बरणी गरम पाण्याने तीनदा धुतली, झाकणाला भोक पाडून सलाइनची नळी बसवली, नळीचं टोक पाण्याच्या ग्लासात. बुडबुडे येतात. तासन्‌तास बघत बसते.

पाकिटातलं यीस्ट! हसू आलं, पण बोललो नाही. बायकांचा छंद आहे.

९ ऑगस्ट
सकाळी यादोरावांच्या पत्नी पार्वताबाई विचारायला आल्या की तुमच्याकडे काही मेलंय का. मी म्हणालो, छे. माझ्यासारख्या नाकाच्या माणसाच्या घरात असं काही असतं तर सगळ्यांत आधी मला कळलं असतं. दुपारी दुर्गेश्वरीने माझ्या टेबलाखालून उंदीर काढला. चार दिवसांचा असावा.

नाक उच्च प्रतीच्या वासांना सरावलं की खालच्या वासांची दखल घेत नाही. नोंद करण्यासारखं.

१३ सप्टेंबर
कोहमारा दौरा. हायवेच्या ढाब्यावर एक गर्द जांभळी बाटली. ढाबेवाला म्हणाला, शरबत है साहब. मी डोळा मारला. त्यानेही मारला. दहापैकी आठ. जीभ दोन दिवस जांभळी.

नकाशा पूर्ण. तिन्ही विभाग सिद्ध.

११ ऑक्टोबर
तारीख ठरली. रविवार, ८ नोव्हेंबर, आमच्या घरी. राजदीप लिहितो की तो आई-वडिलांना घेऊन येईल. म्हणजे तीन जणांचं पॅनल. माझी अपेक्षा एकाचीच होती.

दुर्गेश्वरीची बरणीही स्पर्धेत ठेवावी असं भूमीने फोनवर सुचवलं. चमचाभर चाखली. आत शिरल्याचं कळलंच नाही. दात शिवशिवले नाहीत, पोटात काही हललं नाही. दहापैकी दोन, तेही घरचं म्हणून. ठेवू. तुलनेसाठी कमकुवत नमुना लागतोच.

८ नोव्हेंबर, सकाळी ९
बैठकीत टेबल, पांढरी चादर, चार बाटल्या, गुणपत्रिका. यादोराव तुलसाबाईंना आणायला स्टेशनवर गेलेत. उत्पादक हजर असलेला बरा.

दुर्गेश्वरीने पुऱ्या, वडे, खीर, दोन भाज्या केल्यात. सांगितलं, टेस्टिंगला खारी बिस्किटं पुरतात. ऐकत नाही. भूमी परवापासून आलेली आहे. तिने साडी नेसली आहे. लॅबवाल्यांना एवढं औपचारिक राहावं लागतं हे माहीत नव्हतं.

८ नोव्हेंबर, ११.४०
पॅनल आलं. राजदीपचे वडील भैयाजी रामटेके, आई अल्काबाई. कोहमाऱ्याचे! हायवेवर त्यांचं टायरचं दुकान आहे. म्हणजे राजदीप नाशिकचा नाही, आपल्याच जिल्ह्याचा. आणि सहा महिने मी त्याला पत्रातून मोहाचं झाड कसं दिसतं ते समजावून सांगत होतो.

रामटेके नाव ऐकून डोक्यात क्षणभर काहीतरी हललं. पण टेस्टिंगच्या वेळी मी बाकीचे विचार बंद ठेवतो.

अल्काबाईंनी पेढे आणि एक साडी टेबलावर ठेवली. मी दोन्ही उचलून आतल्या खोलीत ठेवली. पेढ्याच्या वासाने नमुने बिघडतात. गुणपत्रिका आणि पेन्सिली वाटल्या. भैयाजींनी पेन्सिल दोन्ही बाजूंनी पाहिली.

८ नोव्हेंबर, १.२०
बाथरूममधून लिहीत आहे. कडी लावली आहे.

जे झालं ते क्रमाने.

ग्लास भरले. भैयाजींनी आपला ग्लास दोन बोटांनी बाजूला सारला आणि शांतपणे म्हणाले, आमच्या घरी कोणी घेत नाही. पोरगा वाइन बनवते म्हणून दोन वर्सं मी त्याच्यासंगं बोललो नव्हतो. मग तो एक दिवस म्हणाला, बाबा, मी पीत नाही, मी फक्त चाखतो आणि थुंकतो. तवा बोललो.

सगळे हसले. राजदीप एकटा चाखणार असं ठरलं. बोदलकसा: त्याने डोळे मिटले, बराच वेळ उघडले नाहीत. कोहमारा: "सर, यात रंग चांगला आहे." मग मी उभा राहून सालेकसा व्हॅली रिझर्व्ह ओतली. दोन शब्द बोललो, दहा मिनिटं. राजदीपने ग्लास नाकाजवळ नेला आणि तिथेच थांबला. मी त्याला धीर द्यायला स्वतःचा ग्लास अर्धा संपवला.

तेवढ्यात तुलसाबाई आतून जेवून आल्या. पाहिलं आणि ओरडल्या, "अवो माय! हे काऊन पिऊन राहिले? हे तं बैलाचं पोट फुगलं का पाजतो आम्ही! हिंग आहे त्यात, लसूण आहे, काळं मीठ आहे!" मग माझ्याकडे वळून, "तुमचे पाहुणे म्हणजे बैलच असतीन, असं समजली ना मी!"

कोणीच हसलं नाही, ते जास्त वाईट. राजदीपने चटकन चौथा ग्लास उचलला. दुर्गेश्वरीच्या बरणीचा. एक घोट. मग दुसरा. तो थुंकला नाही. वडिलांकडे बघितलं, माफी मागितल्यासारखं, आणि तिसरा घेतला. म्हणाला, "हे कोणी केलं?" आणि मग सर नाही, मॅडम म्हणत, दुर्गेश्वरीला एकामागून एक प्रश्न. झाड कोणतं, जमीन कशी, किती दिवस ठेवलं. हे स्वच्छ आहे, यात फळ जिवंत आहे, आमच्या मालकांना दाखवायलाच हवं. भूमी आईच्या गळ्यात पडली.

मी विषय सावरायला म्हणालो, या वाणाला प्रोत्साहन मीच दिलं होतं.

भैयाजी खाकरले. म्हणाले, "ते होईल जी. आता तुरकर साहेब, तारीख कोणती धरायची?"

मी विचारलं, "बाटलीत भरायची?"

आता मात्र सगळे हसले. भैयाजी डोळे पुसत होते. अल्काबाई म्हणाल्या, "पोरी, तुझे बाबूजी लय गमतीचे आहेत." आणि पोरी म्हणून त्यांनी माझ्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. राजदीप खाली बघत होता. भूमी माझ्याकडे बघत होती.

तेव्हा कळलं.

जात बघत नाही, गुण बघतो. सर्वांत सुंदर गोष्ट आपल्या हाती सोपवावी. आई रडली. थँक यू बाबूजी. यादोरावांनी दोन्ही हातांनी धरलेला हात. सगळं एकदम.

पोट बिघडलंय असं सांगून इथे आलो. कोणाला नवल वाटलं नाही.

१.३५
अजून आतच. गावी मोठे दादा, माझे थोरले भाऊ, काय म्हणतील. समाजाच्या बैठकीत काय म्हणतील. पवार समाजातली मुलगी, बौद्धांच्या घरात. बाहेर जाऊन स्पष्ट सांगता येईल की मी द्राक्षांबद्दल लिहिलं होतं. पत्र काढून ओळ न् ओळ दाखवता येईल.

जानेवारीत कोणी मला सरळ विचारलं असतं, तर मी काय म्हणालो असतो ते मला ठाऊक आहे. ते इथेही लिहीत नाही.

दारापलीकडून यादोरावांचा आवाज येतो आहे. ते भैयाजींना सांगून राहिले आहेत, "मी याहिले विचारलं होतं, कायले करून राहिले एवढं? तं म्हणे, लोक काय म्हणतील ते बघायचं नाही. असा माणूस मी पाहिला नाही जी."

हे मी बोललो होतो, हे खरं आहे.

२.१५
बाहेर आलो. सगळे उभे राहिले. भूमीचा चेहरा दहावीच्या निकालाच्या दिवशी होता तसा. मी म्हणालो, "डिसेंबर." आवाज जरा बारीक निघाला, म्हणून पुन्हा म्हणालो.

पेढे मीच आतून आणले.

१० नोव्हेंबर
मोठ्या दादांचा फोन. वीस मिनिटं तेच बोलले. मी म्हणालो, गुण बघितले. ते म्हणाले, तुझ्या पोरीच्या लग्नाला मी पाय ठेवणार नाही. मी म्हणालो, तुमची मर्जी. फोन ठेवला. बसून पाणी प्यालो.

दुर्गेश्वरीने सगळं ऐकलं. जवळ येऊन बसली. म्हणाली, "एक विचारू? पत्र लिहिताना तुम्हाला माहीत होतं ना?"

म्हटलं, म्हणजे काय.

ती म्हणाली, बरं. एवढंच. पण चेहऱ्यावरून वाटलं नाही की पटलं. तिला बहुतेक एप्रिलपासून शंका होती, आणि म्हणूनच, मला उमगायच्या आत, तिने ते पत्र त्याच दिवशी पोस्टात टाकलं. असो. गुढीपाडव्यापासून मी असाच विचार करत होतो, असं आता मलाही वाटू लागलं आहे.

२७ डिसेंबर
लग्न झालं. साधं, बौद्ध पद्धतीनं, कोहमाऱ्याला. दादा आले नाहीत. वहिनी आल्या, मागच्या रांगेत बसल्या, भूमीला आशीर्वाद देऊन जेवायच्या आधी निघाल्या. यादोराव मुलीकडचे म्हणून मिरवले. तुलसाबाईंनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "पोट आता बरं आहे ना?"

भाषण तयार होतं, 'प्रदेश, माती आणि नातं'. बोलायला उभा राहिलो, भूमी दिसली आणि पहिली ओळच आठवेना. बसलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

राजदीप जेवताना हळूच म्हणाला, "बाबूजी, तुम्हाला त्या दिवशी हिंगाचा वास खरंच आला नव्हता? एकदा नाक दाखवून या."

१३ जानेवारी २०१०, नागपूर
नाक-कान-घशाचे डॉक्टर. दोन्ही नाकपुड्यांत पॉलिप, म्हणजे मांस वाढलंय. विचारलं, वास येणं कधीपासून बंद आहे? मी म्हणालो, बंद नाही, मी वाइन टेस्टर आहे. डॉक्टरांनी दुर्गेश्वरीकडे बघितलं. ती म्हणाली, सात-आठ वर्षं तरी झाली असतील. मला वाटायचं, लक्ष देत नाहीत.

मीही तसंच समजत होतो.

पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, खरं नाक कसं असतं ते महिनाभरात कळेल. हे वाक्य मला मुळीच आवडलं नाही.

२१ फेब्रुवारी
वास येतात. तीन दिवस झाले. घर म्हणजे बाजार वाटतो. साबण, घासलेट, दुर्गेश्वरीच्या ओल्या केसांचा, यादोरावांच्या स्कूटरचा. माझ्या टेबलाखालचा तर विचारूच नका, फरशी मी स्वतः दोनदा धुतली.

आज सगळे जमले. राजदीपने त्याच्या हातची सर्वांत चांगली बाटली आणली होती. शिवाय दुर्गेश्वरीची जांभूळ वाइन, नाशिकच्या लॅबने पास केलेली. तिला एप्रिलमध्ये तिकडे प्रयोग दाखवायला बोलावलंय. मी बरण्या धरणार आहे. राजदीप नकाशा मागत होता. नकाशावर आता एकच ठिपका उरलाय, शाळेच्या आवारात.

भूमीने ग्लास हातात दिला. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी हलवला, नाकाशी धरला. आणि खरोखरच वास आला. फळाचा, लाकडाचा, आणखी कशाकशाचा, एकावर एक. राजदीप सांगायचा ते सगळं त्यात होतं. मग घोट घेतला.

मग दुर्गेश्वरीच्या ग्लासातला घेतला.

मला वाइन आवडत नाही.

कडू, तुरट, जीभ कोरडी. पुन्हा घेऊन पाहिला. नाहीच आवडत. माझ्यासमोर वाइनमेकर जावई, मायक्रोबायोलॉजिस्ट मुलगी आणि जांभूळ वाइनची कर्ती बायको, तिघं श्वास रोखून उभी.

मी म्हणालो, "संयमी." तिघं खूश झाली.

भैयाजी बाहेर ओट्यावर एकटेच चहा पीत होते. त्यांच्या बाजूला जाऊन बसलो. त्यांनी न विचारता केटलीतला चहा माझ्या कपात ओतला. आल्याचा वास आला. दोन कप प्यालो. तिसरा मागायला लाज वाटत होती, पण त्यांनीच ओतला.